आकाशकंदील, किल्ला आणि घरचे मुके सोबती
वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

दिवाळीच्या तोंडावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच काळजी मांडली आहे. मुले घरी हाताने कंदील, किल्ले आणि मुखवटे करतात, त्याच अंगणात कुत्रे, मांजर, वासरू वावरत असते, तेव्हा दोन्ही गोष्टी कशा सांभाळाव्यात? माझे मत आरंभीच नोंदवतो. जनावराला सणाचे चार दिवस बांधून किंवा कोंडून ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. वस्तू करायला घेण्यापूर्वी ती कशाची करायची हे ठरवतानाच, ही वस्तू जनावराच्या तोंडात गेली तर काय होईल, असा विचार झाला पाहिजे. खालील उत्तरांत मी त्याच बाजूने लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीतील मुले दरवर्षी मोठा किल्ला करतात आणि या वर्षी तो आमच्याच अंगणात होणार आहे. आमच्याकडे मुधोळ जातीचे आठ महिन्यांचे पिल्लू आहे. ते दिसेल ते चावते. मागच्या आठवड्यात त्याने कंदिलासाठी केलेल्या खळीचे भांडे चाटून साफ केले. त्याला काही झाले नाही, परंतु मन धास्तावले आहे. किल्ला आणि कंदील दोन्ही करावेत की नाही?
(एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : दोन्ही अवश्य करावेत. बेळगावातील मुलांनी दगडमातीचे किल्ले उभारण्याची जी परंपरा टिकवून ठेवली आहे, ती घरात पिल्लू आले म्हणून खंडित होण्याचे कारण नाही. (राजगड आणि प्रतापगड दरवर्षी होतातच, येळ्ळूरचा राजहंसगड किंवा खानापूरच्या जंगलातला भीमगड मुलांना प्रत्यक्ष दाखवून मग त्याची प्रतिकृती करायला सांगितली, तर किल्लाही अधिक नेटका होईल असे मला वाटते.)

किल्ल्याच्या मातीपासून, पोत्यांपासून किंवा वर पेरलेल्या अळीव-मोहरीपासून पिल्लाला सहसा धोका नसतो. धोका असतो तो दोन गोष्टींचा. पहिली गोष्ट म्हणजे मावळे. प्लास्टिकचे छोटे मावळे, तोफा आणि घोडे पिल्लू चावत नाही, सरळ गिळते, आणि ते आतड्यात अडकले की शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या चित्रांचे तुकडेही असेच अडकतात. बुरूज लिंपण्यासाठी घरी भिजवलेले ओले प्लास्टर तर त्याहून वाईट, कारण ते पोटात जाऊन घट्ट होते. म्हणून लिंपण्यासाठी माती आणि शेण वापरावे, चित्रे मातीची आणि पिल्लाच्या जबड्यात सहज मावणार नाहीत इतकी मोठी घ्यावीत, आणि रात्री ती मोजून उचलून ठेवावीत. मोजून म्हणण्याचे कारण असे की, एक मावळा कमी भरला तर ते त्याच रात्री कळते. पिल्लाला उलट्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी शोधाशोध करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट खताची. हिरवळ लवकर यावी म्हणून बागेतील उरलेली पेंड मातीत मिसळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती पेंड एरंडीची असेल तर तिच्यात रिसिन नावाचे अत्यंत जहाल विष राहिलेले असू शकते, आणि तिच्या वासाने कुत्रे हमखास माती उकरते. किल्ल्याच्या मातीत कोणतीही पेंड किंवा रासायनिक खत घालू नये. अळीव साध्या पाण्यावर उत्तम उगवतो.

आता खळीविषयी. साध्या मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ पिल्लाने चाटली तर फार तर पोट जड होईल. मात्र कागदाला कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, आणि पुस्तकबांधणी करणारे ती आजही पाळतात. मोरचूद म्हणजे तांब्याचे विषारी क्षार. त्याने तीव्र उलट्या होतात, यकृताला इजा पोहोचते, आणि मेंढ्यांना तर तांबे कुत्र्याहूनही अधिक बाधते. चार दिवस टांगायच्या कंदिलाला मोरचुदाची काहीच गरज नाही. आपल्या घरच्या खळीत तो नव्हता असे दिसते, तरीही करणाऱ्याला एकदा विचारून घ्यावे.

बांबूच्या कामट्या तासल्यावर पडणाऱ्या शिलका लगेच झाडून टाकाव्यात, कारण पिल्ले त्या चघळतात आणि त्यांची धारदार टोके टाळूत किंवा घशात रुततात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी पिल्लाने फोडली आणि ओठ किंवा जीभ चिकटली, तर ती ओढून सोडवू नये. कोमट पाण्याने भिजवत दवाखाना गाठावा.

आणखी एक वस्तू मी या उत्तरात मुद्दाम घालतो, कारण ती अलीकडे शाळांत पुष्कळ शिकवली जाते. मैदा, मीठ आणि पाणी मळून त्या कणकेच्या पणत्या व तोरणे करतात. मुलांसाठी ती निर्धोक म्हणून सांगितली जाते, आणि मुले ती खात नाहीत तोवर ते खरेही आहे. कुत्रे मात्र ती आवडीने खाते. शरीराच्या एक किलो वजनामागे सुमारे २ ग्रॅम मीठ पोटात गेले तरी कुत्र्यात विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि ४ ग्रॅमच्या आसपास ते जीवघेणे ठरू शकते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला चहाचे चार चमचे मीठही भारी पडते, आणि एका मोठ्या पणतीत तेवढे मीठ सहज असते. उलट्या, अतोनात तहान, झोकांड्या आणि मग झटके, असा हा क्रम असतो. कुत्रे असलेल्या घरी मिठाची कणीक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंभारवाड्यातली मातीची पणती केव्हाही बरी.

प्रश्न : माझ्या मुलीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन साजरा करतात. भोपळा कोरून आणायचा आहे, मुखवटा करायचा आहे, आणि तिला आमच्या पामेरियन कुत्रीलाही पोशाख घालून फोटो काढायचा आहे. हे आपले सण नव्हेत असे सासूबाई म्हणतात. तो वाद आमचा आम्ही मिटवू, परंतु कुत्रीच्या दृष्टीने यात काही धोका आहे का?
(एक आई, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आपल्या घरातील चर्चेत मी पडत नाही. युरोपातील केल्टिक लोकांच्या सुगीअखेरच्या सणापासून निघालेली आणि पुढे अमेरिकेत रूढ झालेली ही रीत आता आपल्याकडील शाळांत पोहोचली आहे, आणि काही वर्षी ती ऐन दिवाळीतच येते; २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. त्यामुळे कुत्रीच्या दृष्टीने हे दोन वेगळे सण नसून एकच लांबलेला गोंधळ आहे, असे समजून तयारी करावी.

तांबडा भोपळा कुत्र्यांना चालतो. उकडून, मीठमसाला न घालता थोडा दिला तर पोटालाही बरा. कोरलेला भोपळा मात्र आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत आतून बुरसटतो, आणि काही बुरशींचे विष कुत्र्यात थरकाप व झटके उत्पन्न करते. शाळेतून परत आलेला भोपळा त्याच दिवशी टाकावा, आणि गाई फिरतात अशा उकिरड्यावर न टाकता पुरावा. त्यात मेणबत्ती लावायची असेल तर ती शाळेतच. घरी जमिनीवर ठेवलेल्या भोपळ्यातील ज्योतीने पामेरियनसारख्या दाट केसांच्या कुत्रीला भाजायला क्षणही लागत नाही.

मेणबत्तीऐवजी सेलवर चालणारे दिवे घ्यावेत असे सर्वत्र सुचवले जाते, आणि पाणी घातले की लागणाऱ्या विजेच्या पणत्याही बाजारात आल्या आहेत. त्यांच्या तळाशी बहुधा गोल, चपटा बटन सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत तेथील मांस भाजू लागते. ज्या दिव्याचे झाकण स्क्रूने बसवलेले आहे तेच दिवे घ्यावेत. सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी उलटी करवू नये आणि सकाळची वाट पाहू नये.

पोशाखाविषयी मी थोडे कठोरपणे सांगतो. कुत्र्याला पोशाखाची हौस नसते. तरीही फोटोपुरता घालायचाच असेल तर तो डोळे, कान आणि तोंड झाकणारा नसावा, त्यावर मणी, टिकल्या किंवा बटणे नसावीत, आणि कुत्री जागच्या जागी थिजली, कान मागे पाडले, ओठ चाटू लागली किंवा पंजाने पोशाख ओढू लागली, तर तो त्याच क्षणी काढावा. मुलीला यातून एक चांगली गोष्ट शिकवता येईल : मुखवटा कुत्रीला न घालता कुत्रीचा करावा. पुठ्ठ्याचा, साध्या रंगांचा, आपल्याच कुत्रीच्या चेहऱ्याचा मुखवटा मुलीने घालून शाळेत जावे. फक्त तो घालून कुत्रीसमोर एकदम येऊ नये. घरचे माणूस चेहरा बदलून आले की शांत कुत्रीही चावू शकते.

शाळेत वाटल्या जाणाऱ्या चॉकलेटांविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : फराळाचे ताट खाली ठेवले की आमचा लॅब्राडोर तुटून पडतो. कुंदा, करदंट, चिवडा यांतले काय त्याला चालते? काही वावगे खाल्ले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी, असे शेजारी सांगतात. ते बरोबर आहे का?
(एक वाचक, गोकाक)

उत्तर : आधी मिठाच्या पाण्याविषयी. ते कधीही पाजू नये. वर मिठाच्या कणकेविषयी जे लिहिले, तेच येथेही लागू आहे. विष उतरवायला जाऊन आपण दुसरे विष देतो. बळजबरीने तूप, दूध किंवा तेल पाजल्यानेही विष उतरत नाही, उलट ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. उलटी करवायची की नाही हे काय खाल्ले त्यावर ठरते, आणि ते पशुवैद्याने ठरवावे.

कुंद्यात विषारी काही नाही, परंतु आटवलेले दूध आणि साखर इतकी असते की लॅब्राडोरसारख्या खादाड कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. करंज्या, चकल्या, शंकरपाळे या तळणाचेही तेच. हा दाह साधा नसतो. कुत्रे पोट दुखून पाठीची कमान करते, अन्न सोडते, पुन्हा पुन्हा ओकते आणि काही वेळा दगावतेही. करदंटात किंवा शिऱ्यात मनुका, बेदाणे असतील तर प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण द्राक्षे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती मनुका बाधतील हे आधी सांगता येत नाही. चिवड्यात तळलेला कांदा-लसूण असतो. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मांजरांना हा त्रास कुत्र्यांहूनही लवकर होतो.

चॉकलेटमधील थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. एक किलो वजनामागे सुमारे २० मिलिग्रॅमपासून अस्वस्थता, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. साध्या दुधाच्या चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये हे द्रव्य २ मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम चॉकलेट त्रासदायक ठरते. गडद चॉकलेट त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि कोको पावडर तर १० ग्रॅमही पुरते. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या साखरविरहित मिठाईच्या वेष्टनावर झायलिटॉल लिहिले असेल, तर ती मिठाई कुत्रे असलेल्या घरात शक्यतो आणूच नये. झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या तासातही धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

प्रश्न : आमच्या घरी यंत्रमाग आहे. मांजर नेहमी धाग्यांशी खेळते. दिवाळीत झिरमिळ्या आणि जरीची तोरणेही असतात. परवा तिच्या गुदद्वारातून दोरा लोंबत होता, तो आम्ही ओढून काढला. असे करणे योग्य आहे का?
(एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : या वेळी तो सुखरूप निघाला, परंतु पुन्हा असे करू नये. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला धागा तिला थुंकता येत नाही आणि तो आत आतच जातो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकून राहते आणि आतडे त्या धाग्यावर नाडी ओढलेल्या परकराप्रमाणे चुण्या पडत गोळा होते. अशा वेळी बाहेरचे टोक ओढले, तर ताणलेला धागा आतडे आतून चिरत जातो. टोक दिसले तर ते न ओढता आणि न कापता मांजराला दवाखान्यात न्यावे. न जेवणे, वारंवार उलट्या आणि कोपऱ्यात दडून बसणे ही लक्षणे दिसली, तर धागा दिसत नसला तरी जावे.

शहापूर, वडगाव, खासबागमध्ये मागाचे सूत आणि जर, तर निपाणीकडे विड्या बांधण्याचा दोरा, या दोन्हींमुळे आपल्या भागातील मांजरांना हा धोका केवळ सणापुरता नाही. (निपाणीकरांनी तंबाखूची भुकटीही झाकून ठेवावी, निकोटिन कुत्र्यामांजरांना फार लवकर चढते.) कंदिलाला लांब झिरमिळ्यांऐवजी कागदाच्या कातरकामाची रुंद शेपटी लावावी आणि कंदील मांजराची उडी पोहोचणार नाही असा टांगावा. फुलांच्या तोरणातील झेंडू आणि आंब्याची पाने निर्धोक आहेत, शेवंतीने थोडी लाळ किंवा उलटी होते. भेट म्हणून आलेल्या गुच्छात खरी लिली असेल, तर तो गुच्छ मांजराच्या घरात क्षणभरही ठेवू नये. तिचे परागकण अंगावर पडले आणि मांजराने ते चाटले, एवढ्यानेही तिची मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

प्रश्न : आमच्याकडे चार म्हशी आणि एक गाय आहे. वसुबारसेला गाय-वासराची पूजा आणि पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवणे, माळा घालणे, गोडधोड खाऊ घालणे हे आम्ही भक्तीने करतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर पंधरवड्याने आमची गाभण गाय खाईना, दूध आटले, पाठ कमानीसारखी करून उभी राहू लागली. डॉक्टरांनी पोटात तार आहे असे सांगितले. गोठ्यात तार आली कुठून, हे आम्हाला अजून उमजलेले नाही.
(एक शेतकरी, खानापूर तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातील प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दिवाळीतील जनावरांच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा शहरातील कुत्र्यांपाशीच थांबते आणि गोठा विसरला जातो.

तार कुठून आली हे नेमके सांगणे कठीण आहे, परंतु दिवाळीनंतर सर्वांत आधी संशय घ्यावा तो फुलबाजीच्या तारेचा. जळून गेलेली फुलबाजी मुले अंगणात, उकिरड्यावर किंवा गवताच्या गंजीजवळ टाकतात, आणि कंदील बांधायची बारीक तारही तशीच पडून राहते. गाय चारा वेचून, चावून खात नाही. जिभेने वेटाळून गवताबरोबर येईल ते गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. गिळलेली तार जड असल्यामुळे पोटाच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात, जाऊन बसते. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये पातळ पडदा आणि थोडेसेच अंतर असते. जाळीपोट आकुंचन पावते तसतशी तार पुढे रुतते, आणि गाय गाभण असेल तर वाढत्या गर्भाच्या दाबाने तिला आणखी रेटा मिळतो. म्हणूनच आपल्या गाईला तेव्हा त्रास झाला असावा. कोपरे बाहेर काढून उभे राहणे, उताराने चालायला नकार देणे, उठता-बसता कण्हणे, एकाएकी दूध कमी होणे, ही तिची लक्षणे होत. पुढे तार हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचली आणि गळ्याखाली सूज आली, तर जनावर वाचवणे फार अवघड जाते.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. मुलांच्या हाती फुलबाजी देतानाच पाण्याची बादली शेजारी ठेवावी आणि जळलेली प्रत्येक तार तीतच टाकायला सांगावे. तार विझल्यावरही बराच वेळ तापलेली असते, ती लगेच पाण्यात गेल्यामुळे मुलांचे आणि कुत्र्यांचे पायही भाजत नाहीत. सकाळी बादलीतल्या तारा भंगारात द्याव्यात. जुन्या ध्वनिक्षेपकातील लोहचुंबक काठीला बांधून पाडव्यानंतर अंगण आणि गंजीभोवतालची जागा फिरवून घेतली, तर राहिलेल्या तारा आणि खिळेही निघतात. हे काम मुलांना सांगावे, ती ते उत्साहाने करतील. ज्या गाईला एकदा असा त्रास झाला आहे, तिच्या जाळीपोटात पशुवैद्य खास चुंबकही सोडतात. त्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

शिंगांच्या रंगाविषयी : लोखंडाला लावायचे तैलरंग शिंगांना लावू नयेत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे असा नियम आपल्या देशात २०१७ पासून लागू आहे, परंतु उद्योगांसाठीचे रंग आणि घरात पडून असलेले जुने डबे त्यात बसत नाहीत, आणि म्हशी एकमेकींना चाटतात. गेरू आणि हळद तेलात कालवून लावलेली शिंगे उन्हात अधिक शोभतात, असे मला मनापासून वाटते. माळा प्लास्टिकच्या न घेता झेंडूच्या, सुती दोऱ्यात ओवलेल्या घ्याव्यात, आणि मिरवणूक संपल्यावर उतरवून घ्याव्यात, कारण शेजारची म्हैस त्या ओढून खाते.

येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने देतो. पूजेच्या फुलांत कण्हेर किंवा पिवळी कण्हेर असेल, तर ते निर्माल्य गोठ्याजवळ, कुंपणाशी किंवा चाऱ्यात कदापि टाकू नये. कण्हेरीची पाने वाळल्यावरही विषारी राहतात, आणि थोड्याशा पानांनीही गाय, म्हैस किंवा शेळी हृदय बंद पडून मरते.

गोडधोडाचे प्रमाण हाही विषय आहेच. पुरणपोळी, भात किंवा पीठ एकदम पुष्कळ खाल्ले की पोटात आम्ल फार वाढते. जनावर चारा सोडते, पातळ व आंबूस शेण टाकते, सुस्त होऊन बसते. प्रत्येक घरातून एक-एक घास मिळत गेला की मिरवणुकीतील म्हशीच्या पोटात किती गेले याचा हिशेब राहत नाही. नैवेद्याचा एक घास आपल्या हाताने द्यावा आणि बाकी हिरवा चारा द्यावा. पाडव्याला अंगणात घातलेले शेणाचे पांडव उचलताना त्यांवर खोचलेल्या काड्या, टाचण्या आणि चमकीचा कागद काढून घेऊनच ते खताच्या खड्ड्यात टाकावेत.

प्रश्न : आमचा कुत्रा फटाक्यांना इतका भितो की गेल्या वर्षी पहाटे साखळी तोडून पळाला आणि दोन दिवसांनी सापडला. त्याला झोपेची गोळी द्यावी का? त्याला कुरवाळले तर भीती आणखी वाढते, असेही ऐकले आहे.
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर : कुरवाळल्याने भीती वाढत नाही. भीती ही शिकवून केलेली खोडी नव्हे, की लाड केल्याने तिला बळ मिळेल. तो आपल्याजवळ येऊन बसू पाहत असेल तर बसू द्यावे, शांतपणे हात फिरवावा. तो पलंगाखाली दडू इच्छित असेल तर दडू द्यावे, ओढून बाहेर काढू नये.

माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० हर्ट्‌झ किंवा त्याहूनही वरचा. फटाका कधी वाजणार हे त्याला कळत नाही, आणि त्याचा त्रास आवाजाइतकाच या अनपेक्षिततेमुळे होतो. फटाक्यांसाठी ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबल ही कायद्याने ठरवलेली मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. प्रत्यक्षात आपल्याकडे नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानानंतर पहाटेच फटाके सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळी कुत्र्याला बाहेर सोडण्याची घराघरांत सवय असते. आपला कुत्रा पहाटे पळाला यात म्हणूनच मला नवल वाटत नाही. त्या दिवशी त्याला आदल्या रात्री उशिरा आणि मग चांगले उजाडल्यावरच बाहेर न्यावे, आणि तेही पट्ट्याने धरून.

साखळीला बांधलेला भयभीत कुत्रा गळफास बसून मरू शकतो, म्हणून त्याला घरात, शक्य तर माजघरात किंवा रस्त्यापासून दूरच्या खोलीत ठेवावे. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि रेडिओ चालू, आणि त्याचे नेहमीचे अंथरूण जवळ असावे. ही खोली दिवाळीच्या पंधरा दिवस आधीपासून त्याच्या सवयीची करावी. तेथेच जेवण द्यावे, तेथेच खेळावे. मुलांकडून एक जुना पुठ्ठ्याचा मोठा खोका घेऊन, त्यात जाड चादर अंथरून, त्याची गुहा करवून घ्यावी. किल्ल्याबरोबर हेही बांधकाम मुले आनंदाने करतात, आणि मी सांगितल्यापैकी हाच कलाकुसरीचा प्रकार कुत्र्याच्या खरोखर उपयोगाचा आहे. गळपट्ट्यावर आपला फोन क्रमांक पक्क्या शाईने लिहिलेला असावा.

गोळीविषयी : माणसांची कोणतीही गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरते, हे येथे सर्वांसाठीच सांगून ठेवतो. कुत्र्याची भीती खरोखर कमी करणारी औषधे आहेत, परंतु काही जुनी औषधे केवळ अंग सैल करतात. कुत्रा शांत पडलेला दिसतो आणि आत भीती तशीच असते. म्हणून सणाच्या निदान दहा दिवस आधी पशुवैद्याला भेटावे. हृदय, यकृत आणि वय पाहून औषध ठरवावे लागते, आणि ते आधी एकदा शांत दिवशी देऊन पाहावे लागते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोनवर विचारून हे होत नाही.

प्रश्न : पिंजऱ्यातील लव्हबर्ड्‌सना धुराचा त्रास होतो का?
(एक विद्यार्थिनी, हुक्केरी)

उत्तर : होय, आणि माणसाहून कितीतरी अधिक. पक्ष्यांची श्वसनरचना अशी असते की हवेतील विषारी वायू फार वेगाने रक्तात मिसळतात. फटाके, धूप, सुगंधी मेणबत्त्या यांपासून पिंजरा दूर ठेवावा. फराळाच्या धांदलीत न चिकटणारी कढई रिकामी तापत राहिली, तर तिच्या वाफेनेही पक्षी काही मिनिटांत मरतात, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नसावा. रानातील हिरवा पोपट मात्र घरी पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे.

प्रश्न : दिवाळीत दवाखाने बंद असतात. अचानक काही झाले तर आम्ही खेड्यातल्या लोकांनी काय करावे? गल्लीतली काही मुले भटक्या कुत्र्यांच्या शेपटीला माळ बांधतात, तेव्हाही काय करावे हे सुचत नाही.
(एक शिक्षक, संकेश्वर परिसर)

उत्तर : शेपटीला माळ बांधणे हा खेळ नसून गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा त्याला लागू होतो, आणि जनावर अपंग झाले किंवा मेले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपण शिक्षक आहात, म्हणून सुटीपूर्वीच्या परिपाठात हे मुलांना सांगावे. घडत असताना दिसले तर थांबवावे, आणि थांबत नसेल तर ११२ वर कळवावे.

भाजलेल्या जागेवर दहा ते वीस मिनिटे साधे गार पाणी सावकाश ओतावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नये. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून दवाखाना गाठावा. वेदनेने आपलाच कुत्रा चावू शकतो, तेव्हा तोंडाला पट्टी बांधावी, मात्र त्याला उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नये. दिव्यांच्या माळेची वायर चावून विजेचा धक्का बसला, तर आधी बटण बंद करावे, मगच जनावराला हात लावावा. ते लगेच उठून चालू लागले तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते, त्यामुळे तपासणी टाळू नये.

सीमेवरच्या आपल्या गावांची एक सोय लक्षात ठेवावी. निपाणी भागातील लोकांना कोल्हापूर जवळ पडते, खानापूरकरांना बेळगाव. दोन्ही बाजूंचे निदान दोन-दोन पशुवैद्यांचे क्रमांक, आणि लक्ष्मीपूजन व पाडव्याला कोणाचा दवाखाना कधी उघडा आहे, हे वसुबारसेपूर्वीच विचारून भिंतीवर लावावे. गाई-म्हशींसाठी १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही चालतो. फोन केल्यावर जनावराचे अंदाजे वजन, काय खाल्ले, किती आणि किती वाजता, हे आधी सांगावे, आणि निघताना वेष्टन, डबा किंवा उरलेला तुकडा बरोबर घ्यावा. ओकारीत काही निघाले असेल तर तेही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावे.